बोजाऱ्याची वाटणी

सीताबर्डीच्या मेनरोडवर आकडे सतत कानांवर येत असतात. फुटपाथवरचा विक्रेता "सौ के तीन, सौ के तीन" असा पुकारा करत असतो. त्याचा तीन म्हणजे हातात घेऊन मोजता येतील असे तीन रुमाल. तिथून आत वळले, की मोदी नंबर 1, मोदी नंबर 2, मोदी नंबर 3 अशा गल्ल्या लागतात. मोदी नंबर 3 मध्ये तीन असे काहीच नाही. तो आकडा केवळ गल्लीची ओळख सांगतो. टेकडीच्या पलीकडे झिरो माइलचा दगडी स्तंभ उभा आहे. 1907 साली सर्वेक्षण खात्याने तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवली, 1020.171 फूट. तिथला शून्य म्हणजे मोजणीला सुरुवात करण्याची जागा.

मोरभवनच्या बसस्थानकावर आईचे बोट धरून उतरलेले खेड्यातले चार वर्षांचे पोर या तिन्ही आकड्यांमधून चालत जाते. नग सांगणारा तीन, नाव सांगणारा तीन आणि मापाची खूण असलेला आकडा यांतला भेद त्याला कोणी समजावून सांगत नाही. तरी अडीच ते सहा या वयात त्याला तो स्वतःच उलगडावा लागतो. माणसाच्या आयुष्यातले गणिताचे सर्वांत अवघड काम बहुधा हेच असावे, आणि ते पहिलीचे पुस्तक हाती पडण्याच्या आधी सुरू झालेले असते.

गावातल्या कोणत्याही घरी हे तपासता येईल. साडेतीन वर्षांच्या मुलीला पाहुण्यांसमोर उभे केले जाते, "एक-दोन म्हणून दाखव." ती दहापर्यंत धडाधड म्हणते आणि सगळे कौतुक करतात. मग तिच्यासमोर मूठभर चिंचोके ठेवावेत आणि म्हणावे, "मले तीन दे." पुष्कळदा ती ओंजळभर चिंचोके उचलून देते. "एक दे" म्हटले तर बरोबर एकच देते. काही महिन्यांनी 'दोन'ही नेमके देऊ लागते, पण 'तीन'ला पुन्हा मूठ भरते. अजून काही महिन्यांनी तीन जमतात. त्यानंतर कधीतरी, चारच्या आसपास, एकदम उजेड पडतो: मोजताना शेवटी जो आकडा तोंडातून निघाला, तितक्याच या वस्तू आहेत. हे एकदा कळले, की पाच, सहा, सात वेगळे शिकवावे लागत नाहीत.

अमेरिकेत रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी 1978 मध्ये या मोजणीमागची तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, मोजायची वस्तू कोणतीही चालेल, सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. पुढे कॅरन विन यांनी 'इतके दे' या साध्या चाचणीने मुले एक, दोन, तीन असे टप्पे चढतात हे दाखवले. बोलिव्हियाच्या जंगलात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांच्या मुलांवर 2014 मध्ये हीच चाचणी झाली. टप्पे हुबेहूब तेच निघाले, वय मात्र बरेच पुढचे. याचा अर्थ खेड्यातले मूल वेगळ्या वाटेने जात नाही. वाट सगळ्यांची एकच असते आणि तिच्यावर आकड्यांची सोबत किती मिळते त्यावर वेग ठरतो. 'आमच्या पोराला गणित नाही' असे चौथ्या वर्षीच जाहीर करणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

आकडे उशिरा येत असले तरी गणित थांबलेले नसते. चुलीपाशी बसलेली आई भाकरीचा चतकोर तोडून धाकट्याच्या हातात देते, अर्धी थोरल्याला. "त्याले जास्त अन् मले कमी?" हे गाऱ्हाणे तुलनेचे आहे, आणि ते बिनचूक असते. चतकोर म्हणजे चौथा भाग, हे त्या मुलाला सांगता येणार नाही. दोन चतकोर जोडले की अर्धी होते, हे मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. धान्य मोजण्याची जुनी मापे अजून काही घरांच्या कोपऱ्यात सापडतात: चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला दुप्पट. ज्वारीच्या ढिगात ही मापे भरत-ओतत बसलेले पोर दुपटीचा खेळच खेळत असते. कडब्याच्या पेंड्या पाच-पाचच्या पाचुंद्याने मोजल्या जातात, तेव्हा गठ्ठे करून मोजण्याची युक्तीही समोर घडते. दिवाळीत अंगणात सात ते चार ठिपक्यांची रांगोळी पडते. मधली ओळ सात ठिपक्यांची, वर-खाली सहा, पाच, चार. धाकटी बहीण ठिपके द्यायला बसली आणि एखादा ठिपका चुकला, तर रेघ जुळत नाही. चूक तिची तिलाच दिसते, मोठ्यांना ती दाखवावी लागत नाही.

पण विदर्भातल्या मुलाचे गणित पाहायचे तर तान्हा पोळा गाठावा. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात चालत आलेला हा मुलांचा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले तोरणाखाली रांगेत उभी राहतात. कोणाचा बैल वीतभर, कोणाचा गुडघ्याएवढा, एखाद्याचा दोघांनी मिळून ओढावा असा. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळ लावणे हे संख्याज्ञानाआधीचे एक मूलभूत कौशल्य, आणि इथे ते मुले आपापसात भांडून, खांद्याला खांदा लावून करतात. "माहा बैल त्याच्याहून मोठा" म्हणणारा पोरगा दुसऱ्या बाजूच्या बैलाशी ताडून पाहतो, मग एक जागा मागे सरकतो. एकाच बैलाला एका बाजूच्यापेक्षा मोठा आणि दुसऱ्या बाजूच्यापेक्षा लहान ठरवणे त्याला जमते. मग घरोघरी फिरून बोजारा गोळा होतो: कुठे नाणी, कुठे नोट, कुठे खाऊ.

त्यानंतरची वाटणी बघण्यासारखी असते. चार मुले ओट्यावर वर्तुळात बसतात. मधे गोळ्यांचा ढीग. सगळ्यात मोठा, फार तर सात वर्षांचा, वाटायला लागतो: एक तुले, एक तिले, एक त्याले, एक मले. फेरी पुन्हा सुरू. त्यातल्या चार वर्षांच्या मुलीला वीसपर्यंत मोजता येत नसते, पण एकदा तिची पाळी चुकली तर ती लगेच हात पुढे करते. शेवटी दोन गोळ्या उरतात आणि वाद होतो. मग कोणीतरी दातांनी गोळी फोडून अर्धी करतो, किंवा उरलेल्या दोन्ही घरातल्या सर्वांत लहान भावंडाला दिल्या जातात. भागाकार, बाकी आणि अपूर्णांक हे सारे त्या ओट्यावर होऊन जाते. तिथे कोणाच्या हातात पाटी नसते.

जाँ पियाजे यांनी मुलांसमोर सारख्या संख्येच्या दोन ओळी मांडल्या, त्यांतली एक पसरवली आणि विचारले, कोणत्या ओळीत जास्त? सहा-सात वर्षांखालची बहुतेक मुले लांब ओळीकडे बोट दाखवत. त्यावरून या वयात संख्येची समज नसते, असा निष्कर्ष अनेक वर्षे शिरोधार्य मानला गेला. 1967 मध्ये जाक मेलर आणि टॉम बेव्हर यांनी मातीच्या गोळ्यांऐवजी चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या आणि 'तुला हवी ती ओळ खा' असे सांगितले. अडीच-तीन वर्षांची मुलेही आखूड पण जास्त गोळ्यांची ओळ उचलू लागली. त्या निष्कर्षावर पुढे वाद बराच झाला. पण ओट्यावर बोजारा वाटून घेणाऱ्या मुलांना पाहिलेल्या कोणालाही त्याचे नवल वाटणार नाही. प्रश्न मुलाच्या गरजेचा असला, की उत्तराची जात बदलते.

हे महाराष्ट्रात फार लवकर ओळखणाऱ्या दोन बायका होत्या. ताराबाई मोडक (1892–1973) मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. लग्नानंतर त्या काही वर्षे अमरावतीत राहिल्या, पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केले आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरीचे साहित्य देखणे आणि शास्त्रशुद्ध, पण महाग. शहरातल्या खात्यापित्या घरांपलीकडे ते पोचत नव्हते. 1945 मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (1910–1992) होत्या. बोर्डीला समुद्र होता, म्हणून शंखशिंपले मोजायला आले. बिया, खडे, काटक्या, पाने, मातीची भांडी, मणी यांतून सगळे साहित्य तयार झाले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. देशभर पसरलेल्या 'अंगणवाडी'ची सुरुवात ही अशी झाली. 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तिथली पोरे गुरांमागे जातात म्हणून कुरणातच शाळा भरवली.

ताराबाई-अनुताईंच्या कामाचे वर्णन बहुधा सेवाभावाच्या शब्दांत होते, आणि त्यातली बौद्धिक बाजू झाकली जाते. शिंपल्यांची लहान-मोठी ओळ लावणे आणि माँटेसरीच्या लाकडी दांड्यांची ओळ लावणे यांत शिकण्याच्या दृष्टीने फरक नाही, हे ओळखायला सिद्धांत पक्का समजलेला असावा लागतो. साहित्य स्वस्त झाले, विचार स्वस्त झाला नाही.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामलाही याच सुमारास असाच शोध चालू होता. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेली नई तालीम सुरुवातीला सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. टकळीवर काढलेल्या सुताचे 160 तार म्हणजे एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, असे गणित कामातून येई. 1945 मध्ये गांधीजींनी तिचा आवाका जन्मापासून मरणापर्यंत वाढवला आणि पूर्व-बुनियादी शिक्षण त्यात आले. सेवाग्रामची पूर्व-बुनियादी शाळा शांताबाई नारुलकर यांनी सांभाळली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सेविकेकडे पोषण आहार, वजन, लसीकरण, गरोदर मातांची नोंद आणि मोबाइलमधली माहिती भरणे हे सगळे असते. उरलेल्या वेळात शिक्षण. मग सोपा मार्ग म्हणजे भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून सगळ्यांकडून एक ते पन्नास म्हणवून घेणे. पालकांनाही तेच हवे असते. खासगी केजीतले पोर शंभरपर्यंत लिहिते, मग आपले का नाही?

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या 2019 च्या फेरीत 24 राज्यांतल्या 26 जिल्ह्यांत, 1,514 गावांतल्या चार ते आठ वयाच्या 36,930 मुलांना भेटले गेले. वस्तूंची वर्गवारी, लहान-मोठ्याचा क्रम, आकृतिबंध पुढे नेणे, तुकडे जुळवणे अशी कामे मुलांना दिली. ज्यांना ही कामे चांगली जमली, ती भाषा आणि आकड्यांतही पुढे होती. पहिलीत बसलेल्या मुलांपैकी पाचातले सुमारे एक मूल जेमतेम चार-पाच वर्षांचे निघाले. ज्या वयात हातांनी वर्गवारी करायची, त्या वयात ही मुले वहीत आकडे गिरवत होती.

मराठी मुलावर आणखी एक ओझे आहे. दहापर्यंतचे शब्द सगळ्याच भाषांत पाठ करावे लागतात. पुढे मात्र वाटा फुटतात. चिनी मूल 'दहा-एक, दहा-दोन' म्हणत जाते. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आणि एक. मराठीत अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्र लक्षात ठेवायचा, आणि त्यात एकोणतीस, एकोणचाळीस पुढच्या दशकाचे नाव आधीच घेऊन बसतात. चिनी आणि अमेरिकी मुलांच्या तुलनेत दहापर्यंत दोघे बरोबर चालतात आणि अकरानंतर चिनी मुले पुढे जातात, असे 1995 मध्ये दिसून आले. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' हीही रीत दिली गेली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ती मुलांच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले. गदारोळ विधिमंडळापर्यंत गेला आणि भाषेच्या अभिमानात मुलाची अडचण मागे पडली. जुने शब्द जपावेत हे खरेच. पण संख्येची रचना समजून घेताना चार महिने 'वीस एक' म्हणणाऱ्या पोराने मराठी बुडत नाही. गडचिरोलीत घरी गोंडीत 'उंदी, रंड, मुंड' मोजणाऱ्या मुलाला तर अंगणवाडीत पहिल्या आकड्यापासूनच नवी भाषा शिकावी लागते.

मग फक्त खेळ खेळवावेत आणि आकडे पहिलीवर सोडावेत का? इथे 2017 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला दिल्लीचा प्रयोग फार महत्त्वाचा आहे. मोइरा डिलन, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेबरोबर 214 बालवाड्यांतल्या 1,540 मुलांना घेतले. चार महिने काही मुलांनी संख्या आणि आकार यांचे खेळ खेळले. ठिपक्यांच्या दोन गटांतला मोठा ओळखणे, वेगळा आकार शोधणे यांत ती मुले पुढे गेली आणि वर्षभरानंतरही पुढेच राहिली. चिन्हांच्या गणितातही त्यांना लगोलग फायदा दिसला. पण शाळेत गेल्यावर तिथले गणित शिकण्यात त्यांना आघाडी उरली नाही. 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने हीच दरी दुसऱ्या टोकाला दाखवली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुले अवघड हिशेब तोंडी अचूक करत, आणि कागदावर तसलीच साधी उदाहरणे अडत. शाळकरी मुलांचे नेमके उलटे.

म्हणजे हातातले गणित आपोआप चिन्हात उतरत नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच खेळात, मुलाच्या बोटाखाली यावी लागतात. 2008 मध्ये गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांसाठी एक पट केला: एका सरळ ओळीत दहा घरे, त्यांवर 1 ते 10 आकडे. भिंगरीवर एक किंवा दोन पडले की तितके पुढे जायचे. अट एवढीच, की पाचच्या घरातून दोन घरे जाताना "एक, दोन" न म्हणता "सहा, सात" म्हणायचे. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या आणि मुलांची संख्यांची तुलना, अंदाज आणि आकडे ओळखणे सुधारले. नऊ आठवड्यांनीही ते टिकून होते. घरांवर आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळणाऱ्या मुलांमध्ये असा बदल झाला नाही.

आपल्याकडे पटाच्या खेळांची कमतरता कधीच नव्हती. चल्लस-आठ खेळताना चारही कवड्या उताण्या पडल्या की चार आणि पालथ्या पडल्या की आठ, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असते. पण त्या पटाच्या घरांत आकडे नसतात. सापशिडीत आकडे असतात, पण शंभर, आणि ओळ दर वेळी उलटी फिरते. चार वर्षांच्या मुलाची तिथे दिशाच हरवते.

म्हणून अंगणवाडीच्या फरशीवर खडूने दहा घरे एका सरळ रेषेत आखावीत, प्रत्येकात मोठा आकडा लिहावा. चिंचोका घासून त्याची दोन अर्धुके करावीत. एक पांढरे पडले तर एक घर, दोन्ही पांढरी पडली तर दोन, दोन्ही काळी पडली तर शून्य आणि जागेवरच उभे राहायचे. मुलाने स्वतःच्या पायांनी त्या घरांतून चालावे आणि आकडे मोठ्याने म्हणावेत. जेवणाच्या वेळी आज किती ताटे लागतील हे मुलांनाच मोजू द्यावे आणि तो आकडा पाटीवर त्यांच्यासमोर लिहावा. वाटण्या त्यांच्याच हातांनी होऊ द्याव्यात आणि प्रत्येकाला किती आले, हेही त्यांनाच लिहायला सांगावे. सीताबर्डीत अंगणवाडीसाठी किंवा घरासाठी तक्ता घ्यायला येणाऱ्या ताईंनी आणि पालकांनी शंभरपर्यंतचा तक्ता या वर्षी राहू द्यावा आणि दहापर्यंतचाच घ्यावा. मूल 'सात दे' म्हटल्यावर नेमके सात चिंचोके देऊ लागेल आणि 7 हा आकडा दाखवल्यावरही तेवढेच मोजून ठेवेल, त्या दिवशी मोठा तक्ता आणायला हरकत नाही.